आडवं पडलं की दम लागतो, गॅस की शुगर?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, सासूबाई ६६ वर्षांच्या, शुगर खूप जुनी, इन्सुलिन चालू. पायाला मुंग्या, चप्पल निसटली तरी कळत नाही. काही महिन्यांपासून आडवं पडलं की दम लागतो म्हणून तीन उशा लावून जवळपास बसूनच झोपतात. ईसीजी, टूडी इको, एक्सरे सगळं नॉर्मल, पंपानेही फरक नाही. घरचे म्हणतात गॅस आहे. शुगरमुळे श्वासाच्या नसा खराब होतात का हो?
- एक वाचक, सांगली

उत्तर : होतात ताई, पण क्वचित, म्हणून आधी हार्टचं पूर्ण बघून घ्या. जुन्या शुगरवाल्यांना हार्टला रक्त कमी पडलं तरी छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो, आणि साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नसतं.

तिथे काही सापडलं नाही तर फ्रेनिक नर्व्ह बघायची. ही मानेतून निघून छातीखालच्या पडद्याला, डायफ्रामला, चालवते. शुगरने पायाच्या नसा बधिर होतात तशी कधीकधी हीसुद्धा जाते, मग आडवं पडलं की पोटातला माल ढिल्या पडद्याला वर ढकलतो आणि धाप लागते. घरी एक बघा, त्या पाठीवर पडून श्वास आत घेतात तेव्हा पोट फुगायच्या ऐवजी आत जातं का? जात असेल तर छातीच्या डॉक्टरांना मुद्दाम सांगा, आणि पायाच्या मुंग्यांचंही सांगा, कारण दम लागतो म्हणून गेलेला पेशंट पायाचं बोलतच नाही. एक्सरेत पडदा दोन्हीकडे वर सरकलेला असला तर पेशंटने नीट श्वास घेतला नाही असं समजून ते सुटून जातं, तो एक्सरे पुन्हा दाखवा.

फुंकायची टेस्ट, पीएफटी, बसून आणि झोपून दोन्ही करा म्हणावं. झोपल्यावर आकडा १० टक्क्यांपर्यंत कोणाचाही उतरतो, ३० टक्के किंवा जास्त उतरला तर संशय दाट. पडद्याची सोनोग्राफीही होते.

गोळीने नस लगेच सुधारत नाही, शुगर आटोक्यात ठेवायची, रात्री बायपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं) लागू शकतं, त्याने झोप बरीच सुधारते. दम एकदम वाढला, घाम फुटला, किंवा शुगर वाढून उलट्या आणि खोल जोरजोरात श्वास सुरू झाला तर थेट हॉस्पिटल. मोतीबिंदूचं का असेना, ऑपरेशन ठरलं तर भूलवाल्या डॉक्टरांना हे आधी सांगा, आणि झोप येत नाही म्हणून शेजारच्यांची झोपेची गोळी देऊ नका, तिने श्वास अजून मंदावतो.