डीसीआर, एएलएमएम आणि बीआयएस यात फरक काय? घरी 3 किलोवॉटसाठी कुठलं सोलर पॅनल घ्यावं?

तुम्हाला एकाने डीसीआर पॅनलचं कोटेशन दिलंय आणि दुसरा म्हणतोय माझं नॉन-डीसीआर स्वस्तात पडेल, बीआयएस आहे ना, मग काय बिघडलं. तो दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवतोय.

बीआयएस म्हणजे ते मॉडेल टेस्टला पास झालंय. स्टिकरवर आयएस 14286 असतं ते त्याचंच. लॅबमध्ये 85 डिग्री तापमान आणि 85 टक्के दमटपणात पॅनल 1000 तास ठेवतात, म्हणजे जवळपास दीड महिना, शिवाय उणे 40 ते 85 डिग्री असं 200 वेळा थंड-गरम करतात, वर बर्फाच्या गोळ्यांचा मारा. पण हे सगळं नमुन्याच्या पॅनलवर बरं का, तुमच्या गच्चीवर येणाऱ्या प्रत्येक पॅनलवर नाही. एएलएमएम ही केंद्राच्या मंत्रालयाची यादी, कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल चालेल त्याची. आणि डीसीआर म्हणजे पॅनल भारतात बनलेलं हवंच, आतला सेलही (उन्हापासून वीज बनवणारा तुकडा) इथलाच हवा. तो काही क्वालिटीचा शिक्का नाही, नॉन-डीसीआर म्हणजे डुप्लिकेट असंही नाही, फक्त पीएम सूर्यघरची (घरच्या गच्चीवरच्या सोलरसाठी केंद्राची योजना) सबसिडी त्याच्यावर मिळत नाही आणि 3 किलोवॉटला ती 78,000 आहे. आता दोन्ही कोटेशन समोर ठेवून डीसीआरवाल्यातून सबसिडी वजा करा, स्वस्त कोण ते लगेच दिसेल.

माझं सांगतो. कोटेशनमध्ये 540 वॅटची 6 पॅनल लिहिली होती, टेम्पोतून उतरली 525 ची. मी विचारलं तर पोरगा म्हणतो "15 वॅटनं काय होतंय काका". 6 पॅनलचे 90 वॅट होतात बाबा, आणि पैसे मी 540 चे दिलेत! परत पाठवली, आठ दिवस गेले. म्हणून पॅनल खाली असतानाच मागचं स्टिकर वाचा, मॉडेल नंबर, वॅट, सिरीयल नंबर, सगळ्याचे फोटो काढा, कारण एकदा स्ट्रक्चरवर चढली की ते वाचायला गच्चीवर पाठ टेकून आत सरकावं लागतं (मी केलंय, शर्ट वाया गेला). डीसीआर सर्टिफिकेटवर तेच सिरीयल नंबर आहेत का तेही जुळवून बघा. आणि फिटिंगवाल्या पोरांना पॅनलवर पाय देऊ देऊ नका, काच फुटत नाही पण आत सेलला बारीक तडे जातात.

इन्व्हर्टरलाही (पॅनलचा डीसी करंट घरच्या एसी करंटमध्ये बदलणारा डबा) बीआयएस लागतं, ते कोणी विचारतच नाही. लाइट गेली की ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, सोलर पण बंद पडतं, यावरून आमच्याकडे घरात भांडण झालेलं. पण ते मुद्दामच तसं असतं, नाहीतर लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरचा करंट बसेल.

अर्थिंगचं आधीच लिहून घ्या, तीन वेगळे खड्डे, एसी करंटचा, डीसी करंटचा आणि लाइटनिंग अरेस्टरचा (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा दांडा). माझ्याकडे दोनच मारून तिसरी पट्टी गुपचूप जोडून दिलेली, नेट मीटरच्या (घेतलेली आणि लाइनला परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) तपासणीला आलेल्या माणसाने पकडलं, मग ऐन मे महिन्यात अंगणाची फरशी परत फोडली.