वाचकांचे प्रश्न : सहलीला निघताना कविता कुठली?

डिसेंबरात गणपतीपुळ्याहून गोव्यापर्यंत पाच दिवस गाडीने जाणार आहोत. कुठले कवितासंग्रह सोबत घ्यावेत? (चिंचवड)

संग्रह नकोतच. जाड पुस्तक बॅगेच्या तळाशी जातं आणि तसंच घरी परत येतं. पाच दिवसांना पाच कविता पुष्कळ झाल्या, त्याही घरी बसून वहीत हाताने उतरवलेल्या. उतरवताना शब्दाशब्दापाशी थांबावं लागतं, निम्मी कविता तिथेच पाठ होते. जेल पेन मात्र नको. ओलसर बोटं लागली की शाई पसरते. पेन्सिल बरी.

गणपतीपुळ्यापासून दोनेक किलोमीटरवर मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. तिथल्या स्मारकाचं उद्घाटन 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं. तिथे गेल्यावर ‘तुतारी’ म्हणायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ती कुठेही म्हणता येते. मालगुंडसाठी ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ उतरवून घ्या. कोकणापासून लांब असलेला माणूस तिकडून येणाऱ्या वाऱ्याशी बोलतो आहे, आणि तुम्ही तो वारा जिथून सुटतो तिथे उभे आहात.

गोव्यात फोंड्याहून मडगावकडे जाताना झुआरीवरचा बोरीचा पूल लागतो. बोरी म्हणजे बा. भ. बोरकरांचं गाव. ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ इथली. गाडी पुलावर थांबवू नका, रहदारी फार असते; पुलाच्या अलीकडेच गावात शिरा आणि मग वही उघडा. बोरकर कोकणीचेही तेवढेच मोठे कवी. ‘सासाय’ या त्यांच्या कोकणी संग्रहाला 1981चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कुणी कोकणी बोलणारं भेटलं, तर त्यांच्याकडून एखादी म्हणवून घ्या. आपण वाचलेली कोकणी मराठीच्या चालीवर जाते.

वेळेचं म्हणाल तर, सूर्य बुडत असताना वाचू नका. नजर कागदावर राहते आणि सूर्य निसटतो. बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं अक्षर दिसण्याइतका उजेड असतो, तेव्हा वाचा.

घाटात वाचायला घेतलं की मळमळतं. उपाय? (सातारा)

घाटात वाचू नका, हाच. डोळ्यांना कागद स्थिर दिसतो आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र वळणं मोजत असतो. दोघांचं जुळलं नाही की पोट ढवळतं. मोबाइलवर वाचूनही तेच होतं. निघण्याआधी स्वतःच्या आवाजात कविता रेकॉर्ड करा, घाटात डोळे बाहेर ठेवून ऐका.

आषाढात आंबोलीला बालकवींची ‘श्रावणमासी’ म्हटली, पण रंगली नाही. (कोल्हापूर)

रंगायची कशी? ती कविता उघडझापीवर उभी आहे: क्षणात सरसर सर, क्षणात ऊन. आंबोलीचा आषाढ म्हणजे दिवसदिवस धुकं आणि न थांबणारी धार. ऊनच नाही, तर इंद्रधनुष्य कुठून येणार? तीच कविता श्रावणात, घाट उतरून देशावर आल्यावर म्हणून बघा.

पावसाळ्यातल्या कुठल्याही ओढ्याकाठी चालेल अशी बालकवींचीच ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळी. पहिल्या दोन ओळींत झरा, पुढच्या दोनांत टेकडीकडचं चार घरांचं गाव, मग पांढरी पायवाट आणि शेवटी काळा डोह, त्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. म्हणजे नजर लांब जाते आणि पायवाटेने परत पाण्यापाशी येते. हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा, हा रंगांचा क्रमही बघा. बरोबर मुलं असतील तर चौघांना दोन-दोन ओळी वाटा आणि आपापल्या ओळीतली वस्तू समोर शोधायला सांगा. औदुंबर नसला तरी काठावरचं एखादं झाड सापडतंच.

इंटरनेटवरून कविता उतरवून घेतली, पण मोठ्याने म्हणताना अडखळायला होतं. (नागपूर)

बहुतेक वेळा कुणीतरी शुद्धलेखन ‘सुधारलेलं’ असतं. ‘औदुंबर’मध्येच बघा, ‘पायवाट पांढरी तयांतुनि’ इथे सोळा मात्रा भरतात आणि श्वास घ्यायची जागा येते. ‘तयांतुनी’ असं दीर्घ केलं की सतरा होतात आणि चाल लंगडते. जुन्या ‘गांव’, ‘सांवळा’ यांवरचा अनुस्वार 1962च्या नियमांनी गेला; जुन्या छपाईत दिसला तरी उच्चारायचा नाही. पण वृत्तासाठी ठेवलेले ऱ्हस्व-दीर्घ बदलू नका. शंका आली तर ग्रंथालयातल्या छापील प्रतीशी ताडून घ्या.

मुलगी मँचेस्टरला असते. जूनमध्ये लेक डिस्ट्रिक्टला जाऊ. वर्ड्स्वर्थची डॅफोडिल्सची कविता तिथे वाचावी म्हणते. (पुणे)

जूनमध्ये फुलं दिसणार नाहीत. डॅफोडिल्सचा बहर मार्च-एप्रिलचा. पण या कवितेला फुलांवाचून अडत नाही. वर्ड्स्वर्थ आणि बहीण डोरोथी यांनी अल्सवॉटर तळ्याकाठी ती फुलं 15 एप्रिल 1802 रोजी पाहिली, कविता मात्र दोनेक वर्षांनी लिहिली गेली आणि 1807 साली छापली गेली. तीही संपते कोचावर पडल्या पडल्या आठवणाऱ्या फुलांवर. मधल्या काळात त्या दिवसाचं टिपण होतं ते डोरोथीच्या रोजनिशीत: वारा, तळं, दगडांवर डोकं टेकलेली फुलं. तेव्हा तळ्याकाठी कविता वाचण्याऐवजी रात्री मुक्कामावर चार ओळी टिपून ठेवा, वारा कुठून होता, पाण्याचा रंग कसा होता, एवढंच. कविता पुण्याला परतल्यावर, त्या टिपणासोबत वाचा.