घरपट्टी माफीच्या ठरावाआधी

बाय,

अनेक आशीर्वाद. फोनवर मी तुला नीट उत्तर दिलं नाही, कारण असल्या गोष्टी कागदावर आलेल्या बऱ्या. उद्या पुन्हा करोनासारखी साथ आली तर घरपट्टी सरसकट माफ करू, असा ठराव तुला आपल्या नगरपंचायतीच्या सभेत मांडायचाय. तुझी कळकळ खरी आहे. तरी मी त्या ठरावाच्या विरोधात आहे.

आधी आपलं कर मागणी रजिस्टर उघडून बघ. किती घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, मालक डोंबिवली-विरारला राहतात, हे तुला पानागणिक दिसेल. लॉजवाले आणि बागायतदार त्याच रजिस्टरात आहेत. माफी सरसकट दिली की सगळ्यात मोठी सूट सगळ्यात मोठ्या घराला मिळते. आता २०२० च्या मार्चमध्ये खरी उपासमार कोणाची झाली ते आठव. मासळीचा लिलाव बंद पडल्यावर पाटी घेऊन बसणाऱ्या कोळणींची, होडीवर अडकलेल्या परमुलखातल्या खलाशांची, लॉजवर भांडी घासून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बायकांची. यातल्या कितीजणांच्या नावावर घर आहे? त्यांचं नाव रजिस्टरात नाही, म्हणून माफीही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरं म्हणजे तो पैसा कुठे लागतो ते बघ. टाळेबंदी २५ मार्चला लागली, म्हणजे ऐन मार्चअखेरच्या वसुलीत. छोट्या नगरपंचायतीची बरीच वसुली त्याच दिवसांत होते. ती थांबली तरी नळपाणी योजनेच्या पंपाचं वीजबिल, घंटागाडीचं डिझेल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, कंत्राटी सफाई कामगारांचा पगार हे काही थांबत नाही. साथीत तर ते वाढतं. तिजोरीत खडखडाट झाला की पहिला फटका झाडूवालीला बसतो, आणि त्या दिवसांत गाव तिच्याच जिवावर उभा असतो. तिचा पगार एक दिवसही लांबता कामा नये. इथे मी कोणाचंच ऐकणार नाही, तुझंही नाही.

घरपट्टीच्या बिलातले रकाने वाच. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर आपण फक्त गोळा करतो, ते शासनाचे. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, तीही नुसत्या आपल्या ठरावाने जात नाही, शासनाची मंजुरी लागते. सभागृहात टाळ्या घेऊन नंतर लोकांच्या हातात तेच बिल देणं फार वाईट.

मग आपल्या हातात काय उरतं? पुष्कळ. साथीच्या काळात एकही नळजोडणी तोडायची नाही. मासळी बाजाराची रोजची फी घ्यायची नाही. गाळेभाड्याला हप्ते पाडून द्यायचे. ज्याला खरंच झेपत नाही त्याच्या घरपट्टीला मुदत द्यायची, आणि शास्ती माफीचा प्रस्ताव आकड्यांसकट वर पाठवायचा. ज्यांना झेपतं त्यांना मात्र हक्काने सांगायचं की भरा, वेळेआधी भरा. मुंबईतल्या आपल्या ग्रामस्थ मंडळांना पत्र लिही: देणगी मागाहून पाठवा, आधी गावच्या घराची पट्टी भरा. पण हे सांगायचं तर चाकरमान्याला वेशीवर परका ठरवून चालणार नाही. २०२० च्या गणपतीत किती कडवटपणा झाला! मुंबईहून आलेल्यांना शाळेत विलग ठेवायचं तर तिथे पाणी, दिवा, धड संडास हवा, आणि त्याचा खर्च आधीच धरलेला हवा.

याद्या आत्ता कर. १ जून २०२० ला फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली, १० हजारांचं कर्ज. त्यासाठी सर्वेक्षणात नाव नाहीतर नगरपालिकेचं शिफारसपत्र लागायचं. म्हणजे ज्या गावाने फेरीवाले आधी मोजले होते तिथल्या बाईचं काम सोपं. तुझ्या वॉर्डातल्या भाडेकरूंची, एकट्या म्हाताऱ्यांची, रेशनकार्ड दुसऱ्या गावचं असलेल्यांची वही घाल. आणि वहीत नसलेला कोणी दारात आला तर त्याला परत पाठवू नकोस. सरकारी शिवभोजन थाळी २०२० च्या मार्चअखेर १० ची ५ रुपये झाली. तिथे ना कार्ड लागायचं ना दाखला, भूक लागलेला माणूस रांगेत उभा राहायचा. मदत तशी असावी. तांदूळ देताना फोटो काढू देऊ नकोस. सही किंवा अंगठा, किलो, दर, तारीख, एवढं पुरे. पण ते मात्र हवंच. निकडीचा खर्च असेल तर नगराध्यक्षांचा लेखी आदेश फाईलला लाव, पुढच्याच सभेत मंजुरी घे. लेखापरीक्षक वर्षांनी येतात, आणि तेव्हा साथ कोणाला आठवत नसते, पावती तेवढी बोलते.

आणि सगळा पैसा पहिल्याच महिन्यात संपवू नका. २०२० मध्ये साथ चालू असतानाच ३ जूनला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत पत्रे उडाले, माडा-पोफळींची वाडीच्या वाडी आडवी झाली. कोकणात साथ एकटी येत नाही. पावसाबरोबर लेप्टोचा ताप येतो, आणि दोडामार्ग-बांद्याकडे २०१६ पासून गोचिडीतून पसरणारा माकडताप येतो, तो नेमका काजू गोळा करायच्या दिवसांत, म्हणजे मजुरी बुडते तेव्हाच औषधाचा खर्च. म्हणून अर्थसंकल्पात साथरोग मदतीचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, स्वतंत्र हवं आणि त्यामागे बँकेत खरी ठेव हवी. नुसता आकडा छापून काही होत नाही. महिला-बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी राखीव पाच-पाच टक्के दरसाल खर्च होतात का, तेही विचार. त्या घरांपर्यंत पोचायची वाट एरवी तयार असली तर साथीत ती सापडते.

अर्थसंकल्पाची सभा फेब्रुवारीअखेरपर्यंत होईल. त्याआधी लेखापालांकडून मागच्या तीन वर्षांचं जमाखर्चाचं पत्रक आणि थकबाकीची यादी माग, आणि घेऊन घरी ये. पहिले शंभर मोठे थकबाकीदार कोण ते बघू. तुझ्या मदतनिधीची रक्कम तिथूनच काढायची आहे, आणि त्यातले काही तुझ्याच पॅनेलचे निघतील, तेव्हा त्यांच्याकडे पहिल्यांदा कोणी जायचं तेही ठरवू.

तुझा,
काका