वरातीतून सोडवलेली, चावणारी घोडी दत्तक घ्यावी का?

मुलीला घोडेस्वारी शिकवायला म्हणून घेत असाल तर नको. सासवडजवळ अडीच एकर, घरात आठ वर्षांची मुलगी आणि संस्थेने वरातवाल्याकडून सोडवलेली, जवळ गेलं की चावणारी, मागून गेलं की लाथ झाडणारी घोडी, असं तुम्ही लिहिलंय. त्या दोघींची गाठ इतक्यात घालू नका. पण नुसती घोडी सांभाळायची हौस असेल, तर मी लगेच नाही म्हणणार नाही.

अंगावर केसांचे भोवरे कुठे आहेत, देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा आहे का, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्यावर भाव ठरतात, तुमच्या कामाचं ते नाही. ती नेमकी कधी चावते ते बघा. सकाळी पागेत जाऊन लांब, गप्प उभे राहा. मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, चारा टाकायला गेला तर चिडून कान मागे पाडते का? तोच माणूस लगाम घेऊन आला की काय करते? मी पाहिलेली अशीच एक घोडी चारा घेऊन कुणीही गेलं तरी शांत असायची. लगामाची कडी वाजली की मात्र मान वर ताणून भिंतीला चिकटायची. तोंड उघडून पाहिलं तर ओठांच्या कोपऱ्यात जुने घट्टे आणि जिभेवर आडवी खाच. काटेरी लगामाला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५च्या नियमांनी बंदी आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो सापडतोच. तुमची घोडी अशी असेल तर लगाम पूर्ण बंद करून साध्या म्होरकीवर (तोंडात काही न घालता डोक्याला बांधायच्या दोरीवर) ठेवा, बराच फरक पडू शकतो.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावत असेल तर पाठीच्या जखमा किंवा पोटातले अल्सर असू शकतात. चारा चघळून टाकून देत असेल तर दाढांना धार आली असेल. यासाठी घोड्यांवर हात बसलेलाच डॉक्टर हवा, तालुक्याला मिळेलच असं नाही. आणि मोकळ्या मैदानात, कुणाच्या हातात काही नसताना, कान पाडून माणसाच्या अंगावर धावून येत असेल, तर ती नवख्या घरात देणंच चूक.

घोडी आणण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागा. हा रोग माणसालाही होतो आणि घोडं बाधित निघालं तर कायद्याने मारावं लागतं. यात भीड नको.

अडीच एकर ठीक आहे, पण दिवसभर तिच्यापाशी कोण असेल? चांगला मोतद्दार मिळणं हल्ली घोडं मिळण्यापेक्षा अवघड झालंय. चारशे किलोच्या घोडीला रोज आठ-दहा किलो वाळला चारा, उन्हाळ्यात चाळीस लिटरच्या आसपास पाणी, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा दाढा घासणं. शिवाय घोडं एकटं राहत नाही. जोडीला दुसरं घोडं, गाढव, निदान शेळी तरी लागेल. फासळ्या दिसतात म्हणून दया येऊन तोबराभर हरभरा देऊ नका. उपाशी घोड्याला एकदम चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, सुरू केली तर पोटशूळ उठतो, खूर धरतात म्हणजे आतून सुजून दुखतात, जीवही जाऊ शकतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गडबड झाली की सकाळची वाट बघता येत नाही. रात्री दोन वाजता कोणता डॉक्टर येईल, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा.

हे सगळं जमत असेल तर संस्थेला सांगा, दत्तकपत्रावर सही नंतर, आधी दोन-तीन महिने सांभाळायला द्या. नाही जमलं तर त्यांनी परत न्यायची, हे लेखी घ्या. तयार नसतील तर का नाहीत, ते विचारा. मुलीला तोवर पुण्यातल्या एखाद्या रायडिंग क्लासला घाला, तिथली म्हातारी, शांत घोडी तिला जास्त शिकवतील.