नॅनोऔषध नेमके जाते कुठे?

या वेळच्या पत्रांत कॅन्सर, त्याच्या तपासण्या आणि 'नॅनो' हा शब्द जोडलेली औषधे यांविषयीचे प्रश्न बरेच होते. निवडक पत्रांना ही उत्तरे. मात्रांचे आकडे समजुतीसाठी दिले आहेत. रुग्णाची मात्रा त्याचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न (गुहागर): आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे. पहिल्या केमोनंतर तो उलटला. आता 'पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन' लिहून दिले आहे. साधे डॉक्सोरुबिसिन बरेच स्वस्त मिळते. औषध एकच, तर ते का चालणार नाही? आणि हे औषध थेट गाठीवरच जाते, हे खरे का?

उत्तर: औषध एकच आहे, पण शरीरातली त्याची वाट वेगळी आहे. साधे डॉक्सोरुबिसिन शिरेत सोडले की काही मिनिटांत रक्तातून बाहेर पडून सगळीकडे पसरते, हृदयाच्या स्नायूतही. लायपोसोमल प्रकारात तेच औषध चरबीच्या सुमारे 100 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) पोकळ गोळीत कोंडलेले असते. तांबडी पेशी याच्या सत्तरपट मोठी असते. गोळीवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण असल्यामुळे यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला लगेच गिळत नाहीत आणि ती दोन दिवसांहून जास्त काळ रक्तात फिरत राहते. निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतून ती सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या मात्र मोठ्या भोकांच्या जाळ्यासारख्या असतात. तिथून ती झिरपते आणि आत अडकून राहते. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी 1986 मध्ये हे मांडले. या प्रकारच्या पहिल्या औषधाला, डॉक्सिलला, अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळाली.

'थेट गाठीवरच' हे मात्र जाहिरातीचे बोलणे. उंदरांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचलेल्यांचे मध्यक प्रमाण 0.7 टक्के निघाले. उरलेल्यांपैकी बराच वाटा यकृत आणि प्लीहेत जातो. तेव्हा या औषधाचा खरा फायदा वेगळा आहे: हृदयाला होणारा त्रास आणि केस गळणे, दोन्ही कमी होतात. हृदयाचा धोका शून्यावर येत नाही, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) टाळू नका.

एकाऐवजी दुसरे देणे धोक्याचे आहे, कारण मात्रा आणि अंतर दोन्ही जुळत नाहीत. लायपोसोमल साधारण 40 ते 50 मिलिग्रॅम शरीराच्या दर चौरस मीटरला, चार आठवड्यांनी देतात. साधे बहुधा 60 ते 75, तीन आठवड्यांनी. आईचे शरीरक्षेत्रफळ 1.5 चौरस मीटर असेल तर 60 ते 75 मिलिग्रॅम, म्हणजे 20 मिलिग्रॅमच्या तीन ते चार कुप्या. बिलावर आणि कुपीवर 'लायपोसोमल' हा शब्द आहे ना, हे स्वतः वाचून घ्या.

सलाईन लावतानाचे नियमही वेगळे. हे औषध 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, 90 मिलिग्रॅमपर्यंत 250 मिलिलिटरमध्ये. मिठाचे सलाईन चालत नाही, नळीत फिल्टर चालत नाही आणि एकदम जोरात सोडायचे नसते. सुरुवात मिनिटाला 1 मिलिग्रॅमने. पहिल्याच वेळी, पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल होणे, छाती आवळणे, कंबर दुखणे, धाप लागणे असे काहींना होते. रक्तातली संरक्षक प्रथिने या गोळ्यांना परके समजून एकदम जागी होतात, म्हणून असे होते. आईने 'सहन होईल' म्हणून गप्प बसू नये. लगेच सांगितले तर नर्स सलाईन थांबवतात, त्रास ओसरला की हळू वेगाने पुन्हा सुरू करतात आणि बहुतेकांचे पुढे सुरळीत पार पडते. नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग.

आता कोकणातल्या घराला सर्वांत महत्त्वाचे. जिथे दाब, घर्षण आणि उष्णता असते तिथल्या केशवाहिन्यांतून या गोळ्या गळतात. परिणाम म्हणजे तळहात आणि तळपाय लाल होणे, झोंबणे, पुढे फोड येऊन साल निघणे. म्हणून औषधानंतर निदान आठवडाभर कढत पाण्याची आंघोळ नको, चुलीपाशी भाकऱ्या थापणे नको, कोयता-विळी नको, पायाला घट्ट चप्पल नको. काजू सोलणे तर नकोच. त्या टरफलाचे तेल धडधाकट हातालाही भाजते. भाताच्या लावणीचे दिवस असतील तर लावणी इतरांनी करावी. दिवसातून दोनदा साधे मलम हलक्या हाताने लावा, चोळू नका. फोड आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात कळवा. मात्रा पुढे ढकलून किंवा कमी करून हा त्रास आवरता येतो.

प्रश्न (कणकवली): हेच औषध मुंबईहून रेल्वेने आणायचे आहे. बर्फात घालून आणले तर चालेल का? आमच्याकडे पावसात वीज जाते.

उत्तर: थंड हवे, गोठलेले नको. मर्यादा 2 ते 8 अंश सेल्सिअस. बर्फाचे स्फटिक त्या चरबीच्या पडद्याला इजा करू शकतात, आणि कोंडलेले औषध बाहेर आले तर आपण वेगळेच औषध टोचत असतो. म्हणून कुपी बर्फाला टेकवायची नाही.

जाड थर्माकोलचा डबा घ्या. जेल पॅक फ्रीझरमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पातळ भाग डचमळला की मगच डब्यात टाका. औषधाचे खोके आणि पॅक यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राची घडी ठेवा. आत साधा डिजिटल थर्मामीटर टाकून त्याचा पडदा बाहेर काढला तर डबा वारंवार उघडावा लागत नाही. कोकणकन्येने रात्रभराचा प्रवास असला, तरी पावसाळ्यात दरड कोसळून गाडी रखडते. पॅक दुप्पट घ्या. कोरडा बर्फ कधीच वापरू नका.

घरच्या फ्रीजमध्ये कुपी मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, फ्रीझरखाली चिकटून नको. वीज गेली की दार उघडू नका. खरे तर औषध घरी न ठेवता परस्पर रुग्णालयाच्या औषधविभागात जमा करणे उत्तम. कुपी चुकून गोठली किंवा तापली तर वितळवून गुपचूप देऊ नका. नुसते पाहून बिघाड ओळखता येत नाही, म्हणून तिचे काय करायचे ते फार्मासिस्टला ठरवू द्या.

प्रश्न (चिपळूण): बहिणीच्या स्तनाच्या ऑपरेशनआधी किरणोत्सारी इंजेक्शन देणार आहेत. घरी लहान मूल आहे. धोका आहे का?

उत्तर: बहुधा हे 'सेंटिनल नोड' शोधण्यासाठी आहे, म्हणजे गाठीकडून काखेत जाणारा लसीकेचा (पेशींभोवतीच्या पातळ द्रवाचा) प्रवाह ज्या ग्रंथीत आधी पोहोचतो ती ग्रंथी. स्तनाग्राभोवतीच्या त्वचेत टेक्निशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य लावलेले कलिल, म्हणजे द्रवात तरंगणारे सूक्ष्म कण, टोचतात. इथे कणाचा आकारच सारे ठरवतो. 5 नॅनोमीटरहून लहान कण रक्तात निसटतात, काही शे नॅनोमीटरचे टोचल्या जागीच बसून राहतात. मधल्या आकाराचे, दहा ते शंभरच्या घरातले, लसीकेतून वाहत ग्रंथीत अडकतात. सर्जन हातातल्या यंत्राच्या आवाजावरून ती ग्रंथी शोधून तपासायला काढतात. तिच्यात कॅन्सर नसेल तर काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत आणि पुढे हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो.

मात्रा साधारण अर्धा ते एक मिलिक्युरी (किरणोत्साराचे माप). हाडांच्या स्कॅनला वीसच्या आसपास लागते. टेक्निशियमचे अर्धायुष्य 6 तास, म्हणजे दर 6 तासांनी ते निम्मे होते आणि 24 तासांत सोळावा भाग उरतो. ऑपरेशन करून बहीण घरी येईपर्यंत मुलाला जवळ घेण्यात अडचण राहत नाही. बहीण स्वतः अंगावर पाजत असेल तर ते आधी सांगा.

चूक कुठे होते? ग्रंथी आधीच कॅन्सरने भरली असेल तर प्रवाह तिला वळसा घालतो. म्हणून बरेच सर्जन सोबत निळा रंगही टोचतात. तो मिथिलीन ब्लू असेल तर लघवी हिरवट-निळी होते, आणि बोटाला लावलेले ऑक्सिजनचे यंत्र काही वेळ खोटा कमी आकडा दाखवते. बहीण नैराश्यावरच्या गोळ्या घेत असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. त्यांतल्या काहींशी या रंगाची गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते.

प्रश्न (मालवण): एमआरआयआधी शिरेत देतात ते नॅनोकण असतात का?

उत्तर: बहुतेक वेळा नाही. ते गॅडोलिनियमचे छोटे रेणू असतात आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतात; म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहतात. लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण यकृताच्या तपासणीसाठी पूर्वी वापरात होते. निरोगी यकृतातल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि तो भाग चित्रात काळा पडतो. गाठीत या पेशी नसल्याने ती उजळ राहते. तपासणी चांगली होती, पण बाजारात टिकली नाही.

गंमत अशी की गावोगावी रक्तक्षयासाठी, विशेषतः गरोदर बायकांना, शिरेतून देतात ते आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सीमाल्टोज हे शर्करेच्या आवरणातले लोहाचे नॅनोकणच आहेत. त्यांना कोणी नॅनोऔषध म्हणत नाही एवढेच. त्याच कुळातले फेरुमॉक्सिटॉल मिळाले असेल तर तीन महिन्यांपर्यंत एमआरआयचे चित्र बदलू शकते. शिरेतून कोणतेही लोह घेतले असेल तर त्याचे नाव आणि तारीख तंत्रज्ञाला सांगावी.

प्रश्न (सावंतवाडी): सुवर्णभस्मातही नॅनो सोने असते. मग तेही गाठीवर जाते का?

उत्तर: नाही. भस्मातले सोन्याचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांना चिकटून मोठे पुंजके झालेले असतात. ते पोटातून घेतले जाते, शिरेतून नाही. त्यावर रक्तात टिकवणारे आवरण नसते आणि आत कोंडलेले औषधही नसते. आकार लहान असणे ही या सगळ्यातली फक्त एक अट. केमो चालू असताना कोणतेही भस्म घेत असाल तर ते कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, म्हणजे यकृताच्या तपासणीत आकडे वाढले तर दोष उगाच केमोला जाणार नाही.