चहातले दूध शेवटी सोडा

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात एकत्र कुटुंबात राहतो. घरात रोज 3 लिटर म्हशीचे दूध येते आणि तूपही घरीच कढवले जाते. मटण मी 2 वर्षांपूर्वी सोडले. आता दूध, दही, तूप आणि मधही सोडून पूर्ण व्हीगन व्हावे असे वाटते. दुधावाचून हाडे ठिसूळ होतील, असे सासूबाई म्हणतात. आणि बिनदुधाचा चहा मलाच घोटवत नाही. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला रिचवणाऱ्या गावात आपण हा विचार करत आहात, तेव्हा घरातून थोडा विरोध होणारच. बहुतेक जण पहिल्याच दिवशी चहाशी झगडतात आणि आठवड्याभरात हार मानतात. आपण चहा शेवटी ठेवावा. आधी आपल्याच ताटाकडे पाहावे : झुणका-भाकरी, तेलावरचा खर्डा, हुलग्याचे माडगे, कटाची मिसळ यांत मुळातच दूध नसते. त्यानंतर तूप सोडावे, मग दही.

दह्यासाठी शेंगदाणे उपयोगी पडतात. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून, साले काढून, 3 वाट्या पाण्यात बारीक वाटावेत, गाळून उकळावेत आणि कोमट झाल्यावर हिरव्या मिरच्यांची 5-6 देठे त्यात बुडवून भांडे उबेला ठेवावे. पहिले विरजण बहुधा सैल लागते. त्यातलेच चमचाभर पुढच्या खेपेला वापरले की दही घट्ट होत जाते. शेंगदाण्याचा वास जात नाही, हे मात्र आधीच सांगितलेले बरे. कोशिंबिरीत तो खपून जातो, नुसते खाताना जाणवतो. पांढऱ्या रश्शाची आठवण येत असेल, तर मटणाच्या अळणी पाण्याऐवजी भाज्यांचे पाणी घेऊन नारळाचे दूध, तीळ, खसखस आणि काजू यांचे वाटण लावावे.

सासूबाईंचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि 100 ग्रॅम नाचणीतून साधारण 350 मिलिग्रॅमच मिळते. म्हणून नाचणीच्या भाकरीबरोबर न सोललेल्या तिळाची चटणी, राजगिरा आणि पालेभाज्या रोजच्या जेवणात हव्यात. प्रथिनांसाठी सोयाबीन आणि डाळी आहेतच. सोयाबीन मात्र कच्चे कधीच खाऊ नये, ते नीट शिजवूनच घ्यावे.

खरी काळजी ब-12 जीवनसत्त्वाची घ्यायला हवी. ते वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळातूनही नाही. यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे कमतरता उशिरा कळते आणि तोवर हातापायांना मुंग्या येऊ लागलेल्या असतात. त्यामुळे आहार बदलण्यापूर्वी रक्ततपासणी करावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी. इथे चालढकल नको. जेवणाबरोबर लिंबू पिळावे आणि जेवणालगत चहा टाळावा, म्हणजे लोहही अंगी लागते.

आता चहा. कडक, उकळत्या चहात सोयादूध ओतले की ते फाटते. म्हणून कपात आधी गरम सोयादूध घ्यावे आणि त्यावर किंचित निवलेला चहा हळूहळू ओतावा. तरीही चव रुचली नाही, तर गूळ आणि आले घातलेला कोरा चहा घ्यावा. सासूबाईंना निराळे पातेले लावण्याचा व्याप पडू नये म्हणून सुरुवातीला हे काम आपणच करावे. पुरणपोळीच्या दिवशी तुपाऐवजी नारळाचे दूध घेतले, तर त्यांच्याही हाताला फारसे वेगळे काम राहत नाही.