कुर्डुवाडीचे जुने फोटो जमवताय ना, मग आधी एवढं करा

गावातल्या रेल्वेचे जुने फोटो, फिल्मा जमवून वेबसाईट करायची म्हणताय, लई भारी काम हातात घेतलंय! बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज (अरुंद रुळांवरची गाडी) चालवलेली, तिच्या वर्कशॉपात राबलेली माणसं अजून आहेत तोवर स्कॅनरच्या आधी त्यांच्याकडे जा, फोटो पुढ्यात ठेवा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि इंजिनाशेजारी कोण उभंय, साल कुठलं, सगळं बोलू द्या. नावं मागं बॉलपेननं लिहू नका, पुढं वळ उठतात, मऊ पेन्सिलनं कडेला लिहा.

बाकी सुरुवातीला इतकंच:
- स्कॅन ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅनरच्या सेटिंगमध्ये असतं). व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवू नका, बारीक होऊन येतो.
- काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.
- ८ एमएमचं रीळ (घरगुती सिनेमाची जुनी फिल्म) मिळालं तर जुन्या प्रोजेक्टरवर अजिबात चढवू नका, आकसलेली फिल्म तुटते. व्हिनेगरसारखा वास आला तर वेगळं ठेवा.

वेबसाईटचं नंतर बघू.